नये म्हणजे नये, पण मे महिन्यात पगार नाही त्याचं काय

पत्र मोठं आहे, थोडक्यात देते. "ताई, मी २८ वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. फिलॉसॉफीत एमए, सेट झाली, मग नेटही निघाली पण जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, थोडक्यात हुकली. दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळतात तसं, शिकवते, एक इथं शहरात आणि एक सिन्नरला. पैसे तीन-चार महिन्यांनी एकदम येतात, मे-जूनमध्ये काहीच नाही. आता पीएचडी करायचीय. मराठीत आपण चांगलं-वाईट कसं बोलतो यावर मला काम करायचंय. माझी आजी म्हणते 'असं करू नये', का विचारलं की म्हणते 'नये म्हणजे नये', ते डोक्यात बसलंय. ज्यांच्याकडे करायचं ते सर म्हणतात हा फिलॉसॉफीचा विषयच नाही, मराठी डिपार्टमेंटला जा, नाहीतर कांटची कर्तव्याची संकल्पना घे, दोन वर्षांत मोकळी होशील. शिवाय आधी पैसे भरून एक पेपर काढू म्हणाले, लिहायचा मी आणि पहिलं नाव त्यांचं. इकडे पुण्याच्या एका कंपनीत कंटेंट रायटिंगची नोकरी मिळतीये, ३२ हजार. मामा म्हणतात नीतिशास्त्र शिकून कोणाचं पोट भरलंय. काय करू?" खाली सही, सिन्नर फाट्यावर बसची वाट बघणारी मॅडम.

अगं, तुझं वय माझ्या भाचीएवढं म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालवून घे. आणि सुरुवात मामांपासून करते कारण पूर्ण पत्रात सगळ्यात सरळ प्रश्न त्यांचा आहे. माझं पोट भरलं, पण कसं ते ऐकलंस तर मामांना चहा पाजून म्हणशील की मामा तुमचंच बरोबर. मी अकरा वर्षं तासांवर काढली. तेव्हा मोबाईल नव्हते, तास रद्द झालाय हे कॉलेजच्या गेटवर गेल्यावर कळायचं आणि तो तास पगारात धरायचे नाहीत. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले तर पॅनेलवरच्या एकांनी एकच प्रश्न विचारला, मिस्टर काय करतात, आणि बाहेर आल्यावर शिपाईमामा हळूच म्हणाले, मॅडम कशाला आलात एवढ्या लांबून, ऑर्डर तर कालच टाइप झाली. शेवटी जिथं लागले तिथं लागले कारण एक सर मुदतीआधी रिटायर झाले आणि माझ्या पुढचा उमेदवार आदल्याच आठवड्यात बँकेत चिकटला. आता यात माझी हुशारी किती आणि त्या बँकेचे उपकार किती हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे कुणी तुला म्हणालं ना की मी चिकाटी सोडली नाही म्हणून मला मिळालं, तर ऐकून घे आणि सोडून दे, चिकाटी न सोडता काहीच न मिळालेले माझ्या ओळखीत जास्त आहेत, ते फक्त सल्ला द्यायला येत नाहीत.

बाय द वे सर तुला ज्या कांटकडे पाठवतायत ना, तो जर्मन तत्त्वज्ञ स्वतः पंधरा वर्षं सीएचबीवरच होता असं म्हटलं तरी चालेल. १७५५ पासून १७७० पर्यंत क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात तो शिकवत होता आणि पगार नाही, वर्गात जितकी पोरं बसतील त्यांनी दिलेली फी हीच कमाई. मध्ये १७६४ ला त्याला काव्याचं प्राध्यापकपद देऊ केलं तर नको म्हणाला, कारण त्याला ते शिकवायचं नव्हतं, पण दोन वर्षांनी त्याच माणसानं लायब्ररीत उप-ग्रंथपालाची नोकरी मात्र धरली. कायम झाला तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि ज्या पुस्तकानं नाव झालं ते आलं ५७ व्या वर्षी. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाहीये, कारण कांटला घरी कुणी लग्नाचं विचारत नव्हतं आणि सकाळी उठवायला नोकर होता. सांगतेय ते त्या लायब्ररीसाठी. विषय सोडला नाही पण पोटासाठी दुसरं काम धरलं आणि त्याची लाज वाटून घेतली नाही, एवढंच त्यातलं घेण्यासारखं आहे.

तर पुण्याची नोकरी. माझं म्हणणं, आत्ता घेऊ नकोस. नीट वाच, घेऊ 'नकोस' म्हणतेय मी, घेऊ 'नये' असं म्हणत नाहीये, यातला फरक तुझाच विषय आहे, त्याच्याकडे येतेच. का घेऊ नकोस तर ३२ हजारात पुण्यात खोली, मेस आणि दर शनिवारी ठक्कर बाजारला उतरणं यात हातात काय उरतं त्याचा हिशेब कर, आणि नऊ तास दुसऱ्याचं लिहून आल्यावर रात्री स्वतःचं लिहायला बोटं उठतात का ते बघ. माझी तर पेपर तपासून आल्यावरसुद्धा उठायची नाहीत. पण सिन्नरचं कॉलेजही सोड. तीस किलोमीटर जायचं, फाट्यावर उन्हात उभं राहायचं, दोन तास घ्यायचे आणि परत, त्यात तिकिटाचे पैसे वजा केले की त्या कामाला नोकरी म्हणायचं का सेवा म्हणायचं ते तूच ठरव. शहरातलं एक कॉलेज ठेव, वर्गाशी संबंध तुटायला नको, अनुभवाचं सर्टिफिकेट लागतं.

मग पैसे कुठून, हे मामा लगेच विचारतील. अगं तू ज्या गावात राहतेस तिथं स्पर्धा परीक्षेचे क्लास गल्लोगल्ली आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून एथिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, जीएस ४, २५० मार्कांचा, आणि आता एमपीएससीची राज्यसेवाही त्याच धर्तीवर वर्णनात्मक झालीये. म्हणजे हजारो मराठी पोरांना आता सचोटी म्हणजे काय, हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय हे मराठीत पानभर लिहावं लागणार आणि ते शिकवणारे बहुतेक लोक पाठ केलेल्या व्याख्या फळ्यावर लिहितात. तू एमए नीतिशास्त्रवाली, तुला उत्तरं तपासायला दिली तरी फरक पडेल. क्लासवाल्याशी पैशाचं आधी बोलून घे, भीड ठेवू नकोस, भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत. आणि याचा दुसरा फायदा असा की त्या केस स्टडीमध्ये पोरं काय भाषा वापरतात ते तुला फुकट ऐकायला मिळेल, तुझ्या कामाला तोच कच्चा माल आहे.

जेआरएफ पुन्हा दे. २८ झाले म्हणून हातपाय गाळलेत असं पत्रावरून वाटतंय, पण वयाची अट ३० असली तरी बायकांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुझ्याकडे ३५ पर्यंत वेळ आहे आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. १५० प्रश्न, ३०० मार्क, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, थोडक्यात हुकली म्हणजे बहुतेक पहिल्या पेपरात गेली असणार, आपल्या विषयाची मंडळी तिथंच मार खातात कारण तक्ते आणि टक्केवारी बघून त्यांना कंटाळा येतो. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, नंतर ४२, घरभाडं वेगळं. शिवाय आयसीपीआर म्हणजे दिल्लीची भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद, तिची फेलोशिप खास आपल्या विषयासाठी असते, आणि तू ज्या प्रवर्गात बसत असशील त्याप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या जाहिराती बघत राहा. यातलं कुठलंच दारात येऊन बेल वाजवत नाही, आणि जाहिरात आणि शेवटची तारीख यात आपल्याकडे कागद गोळा करायलासुद्धा वेळ पुरत नाही, म्हणून सगळे दाखले आत्ताच काढून एका फायलीत ठेव. या सगळ्याला दोन वर्षं दे. दोन वर्षांत फेलोशिप नाही आणि क्लासच्या पैशावर घर खूश नाही, तर नोकरी धर आणि पीएचडी पार्ट टाइम कर, नियमात तशी सोय आहे. आकडा आणि तारीख वहीत लिहून मामांना दाखव, त्यांचा निम्मा राग मावळेल, मोठ्या माणसांना स्वप्नाचा राग नसतो, त्याला शेवटची तारीख नसते याचा असतो.

आता सर. पैसे भरून पेपर काढायचा नाही आणि पहिलं नाव सरांचं घालायचं नाही. यावर मी जास्त लिहीत नाही कारण तुला उत्तर माहिती आहे, नसतं तर तू पत्रात तो मुद्दा 'शिवाय' म्हणून घुसडला नसतास. फक्त एवढं सांगते की भीतीपोटी हो म्हणू नकोस, कारण २०२२ च्या यूजीसीच्या नियमात थीसिस द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढून टाकलीये, आणि ज्या यादीच्या नावावर हे पैसे भरून छापायचं दुकान चालायचं ती यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर लिस्टसुद्धा २०२५ मध्ये बंद झाली. तुझ्या विद्यापीठाचं स्वतःचं काही कलम आहे का ते तेवढं लेखी विचारून घे. आणि दोन वर्षांत मोकळी होशील हे सरांनी कुठल्या पंचांगात बघितलं देव जाणे, त्याच नियमात पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आहेत. गाईड बदल. दुसरा मिळेपर्यंत वर्ष गेलं तरी चालेल, चुकीच्या गाईडपाशी सहा वर्षं जातात.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी हे पत्र बाकीच्या पत्रांतून वर काढलं. हा फिलॉसॉफीचा विषय नाही असं सर म्हणाले. अगं, विसाव्या शतकातलं अर्धं नीतिशास्त्र इंग्रजीतल्या दोन शब्दांवर उभं आहे, 'गुड' म्हणजे चांगलं आणि 'ऑट' म्हणजे करायला हवं. मूर या इंग्रज तत्त्वज्ञानं १९०३ मध्ये 'गुड'ची व्याख्या करता येत नाही म्हणून धमाल उडवली, १९३६ ला एयर नावाचा पंचविशीतला पोरगा म्हणाला की चोरी वाईट असं म्हणणं म्हणजे चोरी हा शब्द नाक मुरडून उच्चारणं, पलीकडे काही नाही. मग १९५२ ला हेअर आला, जपान्यांच्या युद्धकैदेत तीन वर्षं काढून आलेला माणूस, तो म्हणाला की नाही, नैतिक वाक्य हे आज्ञेसारखं असतं, पण एकट्या तुला दिलेली आज्ञा नाही, तुझ्या जागी जो कोणी असेल त्या सगळ्यांना लागू होणारी. हे इंग्रजीत दाखवायला त्याला पुस्तकभर खटपट करावी लागली. आता तू मराठीत बघ. 'खोटं बोलू नको' ही आज्ञा, समोरच्या पोराला. 'खोटं बोलू नये' हे सगळ्यांना. आपल्याकडे या फरकाला दोन वेगळी क्रियापदं आहेत गं, आणि ती तीन वर्षांच्या पोराला कळतात. हिंदीत 'नहीं बोलना चाहिए' म्हणावं लागतं, नकाराला 'नये'सारखं स्वतःचं क्रियापद तिथं नाही.

आणखी पुढे जा. एयरच्या बाजूच्या लोकांना पीटर गीचनं जो टोला दिला तो तुला माहितीच असेल, मांजराचा. मांजराला छळणं वाईट असेल तर धाकट्या भावाला छळायला लावणंही वाईट, हे वाक्य बोलताना मी मांजराबद्दल नाक मुरडत नाहीये, मी फक्त 'असेल तर' म्हणतेय, मग 'वाईट' या शब्दाचा अर्थ नुसतं नाक मुरडणं कसा असेल. आता हेच मराठीत करून बघ. 'मांजराला छळू नये हे खरं असेल, तर भावालाही छळायला लावू नये' हे वाक्य नीट चालतं. 'मांजराला छळू नको हे खरं असेल तर' म्हण बरं, अडकलीस की नाही? जीभच वळत नाही. म्हणजे आज्ञा 'जर-तर'च्या आत जात नाही आणि 'नये' जातं. आज्ञेसारखं वागणारं पण खरं-खोटं म्हणता येणारं एक क्रियापद आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे आणि तुला सर म्हणतात मराठी डिपार्टमेंटला जा. मराठी डिपार्टमेंटला जा तू, पण दामल्यांचं १९११ चं व्याकरण बघायला आणि महानुभावांच्या गद्यात 'नये' कसं येतं ते विचारायला, तिथल्या एखाद्या बाई तुला हौसेनं मदत करतील, मग परत ये.

पण लगेच नाचू नकोस, इथं खड्डा आहे आणि थीसिस त्या खड्ड्यातच आहे. गोदाकाठी जा, पाट्या वाच. 'नदीपात्रात निर्माल्य टाकू नये.' 'येथे वाहने उभी करू नयेत.' सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या तर जिथं तिथं पाटी. मग आजीकडे ये. रात्री नखं कापू नयेत. तिन्हीसांजेला केर काढू नये. जेवणाऱ्याला उठवू नये. दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये. कुणाच्या गरिबीला हसू नये. सगळं 'नये'च. महापालिका, शकुन, शिष्टाचार आणि माणुसकी एकाच पिशवीत. तर मग 'नये' हे नैतिक क्रियापद आहे असं म्हणायचं का, का ते फक्त सांगतं की हा नियम माझा नाही, मी नुसती पुढे सांगतेय? आणि माझा नाही तर कोणाचा? १९५८ मध्ये ॲन्स्कम या तत्त्वज्ञ बाईंनी हेच विचारलं होतं इंग्रजी 'ऑट'बद्दल, की देव कायदे करतो हा विश्वास होता तेव्हा या शब्दाला अर्थ होता, विश्वास गेला आणि शब्द मागे राहिला, मालक नसलेल्या घरासारखा. तुझ्या आजीचं 'नये म्हणजे नये' हे या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे, का उत्तर द्यायला दिलेला नकार आहे, मला खरंच माहीत नाही आणि मला ते तुझ्याकडून वाचायचंय. त्याच्या शेजारी 'ते बरं दिसत नाही' ठेव, 'शोभत नाही' ठेव, 'जनाची नाही तर मनाची तरी' ठेव. पण पहिल्या वर्षी फक्त 'नये'. पूर्ण मराठी नीतिभाषा असं शीर्षक घेऊन बसलीस तर मी स्वतः सिडकोत येऊन हात जोडेन.

कुठल्या भाषेत लिहू हे तू विचारलं नाहीस पण विचारणार होतीस. दोन्हीत. उदाहरणं मराठी, पेपर इंग्रजीत, कारण परदेशातल्या माणसाला 'नये' माहीत नाही आणि त्याला ते माहीत झालं पाहिजे. आणि मराठीतही लिही, कारण मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्दाच्या पदराआड लपता येत नाही, समजलं नसेल तर दुसऱ्या ओळीत उघडं पडतं. आपले तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे हेच करत होते, इंग्रजीत 'न्यू क्वेस्ट' आणि मराठीत 'नवभारत', दोन्ही संपादित केली. आणि खानदेशात अमळनेरला तर १९१६ साली एका गिरणीमालकानं, प्रतापशेठनी, तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली होती, साने गुरुजी तिथं राहून शिकलेत. म्हणजे मामांना सांग की आपल्या भागात या विषयाला शंभर वर्षांपूर्वी शेठजींनी पैसे दिलेत, आता देत नाहीत हा भाग वेगळा. पुस्तकांसाठी पुण्याला पळू नकोस, स्टॅनफर्डचा फिलॉसॉफीचा एन्सायक्लोपीडिया मोबाईलवर फुकट आहे, शोधगंगेवर आधीचे थीसिस फुकट आहेत, आणि बसायला जागा हवी तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे तुझ्या गावात, दुपारी पंखा लागतो.

येत्या महिन्यात एवढंच कर. सिन्नरला या टर्मनंतर जमणार नाही म्हणून कळव, दोन क्लासमध्ये जाऊन भेट, आणि 'नये' आणि 'नको' यावर आठ पानं लिही, जास्त नाही. ती आठ पानं घेऊन नवीन गाईडकडे जा, बायोडेटा मागाहून दाखव. आणि आजी ८१ वर्षांच्या आहेत असं पत्रात खाली कुठंतरी लिहिलंयस, तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याजवळ बस, त्यांना सांगून हं, चोरून नको. प्रश्न विचारू नकोस, प्रश्न विचारला की त्या 'नये म्हणजे नये'वर येणार. भाजी निवडायला घे आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं कर.